दहा मिनिटांचे सहा आकडे

घोडेगाव, ता. नेवासा
४ ऑगस्ट २०२५

चि. रजिया बेटा हिस,
तुझ्या अब्बाच्या अनेक दुआ.

तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? एरंडाचं तेल कोमट करून लावतात का, की बाटली तशीच फळीवर आहे? जावईबापूंची कंबर वेल्डिंग करताना वाकून धरायची, ती आता बरी आहे का? उझ्माला म्हणावं, शिलाई उजेडात बसून कर, डोळे एकदाच मिळतात. शाहरुखच्या डाव्या गुडघ्याची सूज उतरली का? त्याला पळू देऊ नकोस, पण बांधूनही ठेवू नकोस, पोर कोमेजतं. तुझ्या झोपेचं विचारणार नव्हतो, कारण तू सांगणार नाहीस. तरी विचारतो. झोप लागते का?

तुझ्या लग्नानंतर मी अशीच पत्रं लिहायचो, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं नाव घेऊन. आत्ताही उझ्माचं लिहून झालं आणि हात सवयीनं पुढच्या नावाकडं गेला. पेन तिथंच थांबलं.

तुझा कैफ गेला, त्याच्या चाळिसाव्याला मी राहात्याला आलो होतो. तू आतल्या खोलीतून बाहेर आली नाहीस. तुझी चूक नाही. जावईबापूंनी चहा दिला, तो मी प्यायलो आणि एसटीनं परत आलो. माझा नंबर तू बंद केला आहेस. आसारामच्या मोबाईलवरून लावला, तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. आसाराम म्हणजे आपला कांद्याच्या टेम्पोवाला, आठवड्यातून दोनदा राहात्याला येतो तो. त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. तो म्हणतो, "चाचा, ह्या जमान्यात कुनी पत्र लिव्हतं का? लई झालं तर मेसेज टाकायचा." मी म्हटलं, तू टेम्पो हाक.

एक गोष्ट लिहायची आहे. त्या दिवशी कोल्हारच्या पुलाजवळ कैफची गाडी घसरली, दवाखान्यातून मला फोन आले आणि मी उचलले नाहीत, हे तुझ्या मनात बसलं आहे. बेटा, त्या दिवशी इथं बाजार होता. बाजारच्या दिवशी माझ्याकडं वीस-वीस बैल खुरांना पत्र्या मारायला उभे असतात. बैल पाडलेला, चार माणसं दोर धरून, माझ्या हातात हातोडा. त्या ठोकण्यात मोबाईल ऐकू आला नाही. एवढंच झालं.

आता कामाचं. शाहरुखचं दुखण्याच्या माहितीचं कार्ड अजून माझ्याच नंबरावर आहे आणि कुलूपबंद आहे. उद्या त्याला काही लागलं, कुठल्या डॉक्टरनं ते कार्ड उघडायला घेतलं, तर सहा आकडे माझ्या मोबाईलवर येणार. तू माझ्याशी बोलत नाहीस. मग ते आकडे कोण कोणाला सांगणार? ते बदलायला हवं. तू एकदा इकडं ये. माझ्याशी बोलू नकोस, नुसती ये.

तुझा,
अब्बा


घोडेगाव
२३ ऑगस्ट २०२५

चि. रजिया बेटा,
अनेक दुआ.

आसाराम म्हणाला, "घेतलं त्यांनी पत्र. वाचलं का चुलीत घातलं, ते मला कसं कळावं चाचा?" घेतलंस हे पुष्कळ झालं.

कार्ड काढायला आपण नगरला गेलो होतो तो दिवस मला राहून राहून आठवतो. त्या संस्थेच्या शिबिरात मोनिका नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिनं समजावून सांगितलं, की हिमोफिलियाच्या पेशंटला अपघात झाला तर परक्या डॉक्टरला काय कळणार? हे ठिपक्यांचं चित्र मोबाईलनं टिपलं, की सगळं उघडतं. रक्त थांबत नाही, रक्त गोठवणारा फॅक्टर कुठला, किती द्यायचा, ढुंगणावर इंजेक्शन द्यायचं नाही, कुठल्या वेदनेच्या गोळ्या चालत नाहीत, आणि डोक्याला मार असेल तर आधी फॅक्टर, फोटो-बिटो नंतर. कैफनं ते चित्र मोबाईलच्या पाठीला चिकटवलं आणि मला म्हणाला, "नाना, आता मी किराणा दुकान झालो. स्कॅन करा, पैसे टाका." आपण हसलो. तूसुद्धा हसलीस.

मग मोनिकानं विचारलं, "कार्ड उघडं ठेवायचं, का लॉक लावायचा?" उघडं म्हणजे कोणीही टिपलं तरी दिसणार. लॉक म्हणजे नुसतं नाव आणि दिलेला नंबर दिसणार, बाकीचं बघायला त्या नंबरावर आकडे येणार. पहिल्या पत्रात हे लिहायचं मी चुकवलं. तू म्हणाली होतीस, "अब्बा, राहू द्या उघडं." मी म्हटलं, लॉक. आणि नंबर माझा दिला, कारण माझा नंबर पंधरा वर्षं बदलला नाही, तुमचे दर सहा महिन्यांनी बदलतात.

लॉक का, ते तुला ठाऊक आहे. तुझ्या उझ्माच्या लग्नाचं कोल्हारला बोलणं चाललं होतं. हे दुखणं बायकांच्या अंगातून येतं, दिसतं पुरुषांत. तुझ्या आईचा धाकटा भाऊ सुंतेनंतर तीन दिवस रक्त जाऊन गेला, तेव्हा कोणाला नाव माहीत नव्हतं. कैफच्या सुंतेला तसंच व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टरनं नाव सांगितलं. कोल्हारकरांना हे कळलं तर पोरगी बसून राहील, असं मला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझं सगळं शहाणपण असल्याच म्हणींवर उभं आहे. शाळा तर पाहिली नाही. बाजारातल्या पाट्या वाचून अक्षरं शिकलो आणि मी मोठा, मला सगळं कळतं, असं धरून बसलो.

बरं, परवा कोल्हारकर इथं आले होते. मुलाचे वडील आणि चुलते. बैलांचं निमित्त काढून आले, पण बैल नव्हते बरोबर. बसले. मी मान खाली घालून म्हटलं, "आमच्याकडून एक लपवालपवी झाली." तर मुलाचे वडील म्हणाले, "चाचा, तुमच्या कैफचा अंगठा कापला तर दोन-दोन दिवस फडकं बांधून फिरायचा. पुलापलीकडं समद्यांना ठावं हुतं. आमाला दोन वर्षांपासून माहीत हाय. म्हनून तर आमी आधी आमच्या पोराचं रक्त तपासून घेतलं, मगच बोलनं लावलं. तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुतो."

रजिया, ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना माहीत होतं. ज्या डॉक्टरला कळायला हवं होतं, त्याच्यासमोर तेवढं कुलूप राहिलं.

ते लोक अजून तयार आहेत. उझ्माच नको म्हणते, असं त्यांच्याकडून कळलं. तिच्यावर जोर करू नका.

शाहरुखच्या कार्डासाठी मी मोनिकाला फोन केला होता. ती म्हणाली, बदल करायला आईची मंजुरी आणि माझ्या नंबरावर येणारे आकडे, दोन्ही एका वेळी पाहिजेत. नवं कार्ड निघत नाही, एका पेशंटला एकच. म्हणून म्हणतो, ये. दुपारच्या एसटीनं आलीस तर संध्याकाळी घरी जाशील. मी अंगणात बसेन, तू घरात बस. मोबाईल उंबऱ्यावर ठेवीन.

तुझा,
अब्बा


घोडेगाव
१२ सप्टेंबर २०२५, दुपार

रजिया,

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या मोबाईलवर सहा आकडे आले. मेसेज इंग्रजीत. या वेळी मी तो शेजारच्या पार्थकडून वाचून घेतला. शाहरुखचं कार्ड कोणीतरी उघडतंय, असं त्यात लिहिलं होतं. आकडे दहा मिनिटं चालणार.

४, ०, ७, ७, १, ९.

मी मोबाईल हातात धरून बसलो. आता फोन येईल, कोणाचाही येऊ दे, नाव-गाव न विचारता सांगून टाकायचं. कोणाचाच आला नाही. मी तुला लावला, बंद. जावईबापूंना लावला, उचलला नाही. दुकानात वेल्डिंगच्या आवाजात ऐकू आला नसेल. खरंच आला नसेल. अकरा तीसला ते आकडे मेले. अकरा चौतीसला दुसरे आले. तेही मेले.

आसारामचा टेम्पो एक वाजता निघतो. त्याच्या हाती हे देतो. तो आला की एवढंच सांग, शाहरुख कुठं आहे? लागलंय कुठं? डोक्याला तर नाही ना?


घोडेगाव
१४ सप्टेंबर २०२५

चि. रजिया बेटा,
अनेक दुआ.

आसाराम काल परत आला. टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडला, "दात, चाचा, दात! पडक्या दाताचं रगत हुतं!" मी ओट्यावर बसलो होतो, तिथंच आडवा झालो. मग त्यानं सगळं सांगितलं. शाहरुखचा दुधाचा दात पडला, हिरडीचं रक्त थांबेना, तू त्याला राहात्याच्या डॉक्टरकडं नेलंस. डॉक्टरनं कार्ड टिपलं, आकडे मागितले. उझ्मा आसारामला म्हणाली, "अम्मीनं नानांचा नंबर काढला होता. बोट वर धरलं आणि दाबलं नाही." तू मग तोंडानंच सगळं सांगितलंस, फॅक्टर कुठला, किती, आणि तिथून नगरला जाऊन तो देऊन आणलास. पोरगं आता आंबट दही मागतंय म्हणे.

तू होतीस म्हणून झालं. तू नसशील त्या दिवशी काय?

तू का दाबलं नाहीस, याचा मी काल दिवसभर विचार केला. राग असेल, असं आधी वाटलं. मग वाटलं, तुला खरं माहीत असणार. कोल्हारच्या दवाखान्यातून मला फोन करणाऱ्या कंपाउंडर पोरानं तुला सांगितलंच असणार. माझी पत्रं तू वाचलीस आणि पहिल्यात मी खोटं बोललेलं, दुसऱ्यात ते तसंच झाकून ठेवलेलं बघितलंस. आता तिसऱ्यांदा तसं करायची ताकद नाही.

फोन मला ऐकू आला होता.

बैल पाडलेला नव्हता. दुपारी अडीच-तीनची वेळ, मी लिंबाखाली चहा घेत बसलो होतो. भोवती दहा-बारा माणसं. त्याच महिन्यात आपल्या गल्लीतल्या रतनबाईला फसवलं होतं, तुझ्या कानावर आलंच असेल. "तुमच्या मुलाचा ॲक्सिडेंट झालाय, ओटीपी सांगा," म्हणून तिचं खातं कोणीतरी पुसून नेलं. त्यावर मीच चुन्यानं बाजाराच्या भिंतीवर लिहिलं होतं: "नातेवाईक दवाखान्यात आहे असे सांगून कोणी आकडे मागितल्यास देऊ नये. नूरमहंमद नालबंद." लोक येता-जाता वाचायचे. कोणी म्हणायचं, चाचा, तुमी मास्तरच व्हायला पायजे हुतं. मला ते गोड लागायचं.

आणि फोन आला. ते पोरगं धापा टाकत म्हणालं, "आजोबा, तुमचा नातू इथं ॲडमिट आहे. तुमच्या मोबाईलवर ओटीपी आलाय, तेवढा सांगा पटकन." शब्द न् शब्द माझ्या भिंतीवरचा. मी हातानं सगळ्यांना गप्प केलं आणि मोबाईलचा आवाज मोठा केला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. मी म्हटलं, "नाव सांग नातवाचं."

तो म्हणाला, "कैफ."

त्यानं बरोबर नाव सांगितलं, रजिया. क्षणभर मला ते खरं वाटलं, खोटं सांगत नाही. पण रतनबाईलाही तिच्या मुलाचं बरोबर नाव सांगितलं होतं. आणि दहा-बारा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "कैफला म्हणावं, तूच ये आकडे न्यायला. आणि तुझ्या बापाला पण घेऊन ये, दोघांना एकदमच पत्र्या ठोकतो." सगळे हसले. खो-खो हसले. त्या हसण्यातून ते पोरगं ओरडत होतं, "आजोबा, मस्करी न्हाई, तो उलट्या करायलाय." मी कट केला.

पुन्हा तीनदा आला. तिसऱ्या वेळेला मी मोबाईल बंद करून खिळ्यांच्या डब्यात टाकला. कैफला एक फोन लावून बघावा, हे डोक्यात आलं होतं. बघू म्हटलं, चहा होऊ दे. मग लोकांना सांगत बसलो, कसा हाणून पाडला. एकानं पाठीवर थाप मारली. पाच वाजता डबा उघडला. चार मेसेज होते. त्यांतले आकडे तेवढे मला वाचता येत होते, शब्द येत नव्हते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. माझं तर तोंडही पोळलं नव्हतं. पोळलं होतं रतनबाईचं. मी नुसता फुंकर मारायचा मान मिळवत होतो.

नगरच्या मोठ्या डॉक्टरांना मी विचारलं, त्या वेळी आकडे सांगितले असते तर पोरगं वाचलं असतं का? ते म्हणाले, "सांगता येत नाही, चाचा. डोक्यातला रक्तस्राव होता." सांगता येत नाही. हे त्यांनी माझ्यावर उपकार म्हणून म्हटलं, की खरं म्हणून, ते मी विचारलं नाही. पण कोल्हारला दिलेलं ते कमरेतलं इंजेक्शन टळलं असतं, गोळ्या टळल्या असत्या आणि फॅक्टर तीन तास आधी मिळाला असता. एवढं सांगता येतं.

ती भिंत अजून तशीच आहे. मी पुसली नाही. तिच्यावरचं खोटं नाही, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. फक्त खालचं माझं नाव खरवडून काढलं.

आणखी एक आहे. तेही आजच लिहितो, नाहीतर पुन्हा झाकून ठेवीन. मोनिकानं ऑगस्टमध्ये मला आणखी सांगितलं होतं, की यासाठी तुला इथं यायची गरजच नाही. माझं सिम तुझ्याकडच्या कुठल्याही मोबाईलमध्ये घातलं, की आकडे तिथं येतील आणि तू घरबसल्या सगळं बदलू शकशील. हे मी तुला कळवलं नाही. वासरू खुंट्याला बांधलेलं असलं की गाय घरी येते, हे मी जन्मभर बघत आलो. शाहरुखचं कार्ड मी खुंट्यासारखं वापरलं. तू यावीस म्हणून. तुझं तोंड दिसावं म्हणून. परवा तो दात नसता, डोकं असतं, तर दुसरा नातूही मीच घालवला असता, तुझ्या भेटीच्या आशेपायी.

म्हणून सिम यासोबत पाठवतो आहे. कागदाच्या शेवटी चिकटपट्टीनं लावलं आहे, नखाएवढं आहे, सांभाळून काढ, वाकवू नकोस. उझ्माचा जुना बटणांचा मोबाईल असेल त्यात घाल. मग शाहरुखचं कार्ड उघड. आकडे येतील, ते टाक. नंबर तुझा घाल, दुसरा जावईबापूंचा घाल. आणि जिथं मोनिका विचारेल लॉक का उघडं, तिथं उघडं म्हण. अगदी उघडं. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसानं टिपलं तरी दिसू दे, की या पोराचं रक्त थांबत नाही. मोनिकाचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे.

कैफचं कार्डही त्याच नंबरावर आहे. ते बंद करायचं, की तसंच ठेवायचं, ते तू ठरव. मी हात लावत नाही.

काम झालं की सिम काय करायचं ते कर. परत पाठवलं नाहीस तरी चालेल. दुसरं सिम घे म्हणून आसाराम मागं लागलाय. घेणार नाही. ज्याला काम असेल तो बाजारात येईल. हातोडा अजून उचलतो, बैल अजून येतात.

शाहरुखच्या हिरडीला काही टोचेल असं देऊ नकोस. सासूबाईंना सलाम सांग. जावईबापूंना सांग, त्या दिवशी त्यांनी फोन उचलला नाही याचं मला काही वाटलं नाही. उझ्माला माझ्या दुआ. तिला म्हणावं, कोल्हारच्या मुलाला निदान एकदा तोंडावर नाही म्हण, निरोपावर नको.

मला माफ कर असं या पत्रात कुठं लिहिलेलं नाही. ते मागायला मी पत्र लिहीत नाही. आसाराम बुधवारी राहात्याला थांबेल, माल उतरेपर्यंत तासभर तरी. शाहरुखचं कार्ड उघडं झालं, एवढंच एका चिठोऱ्यावर लिहून त्याच्याकडं दे. खाली सही नको, वर माझं नाव नको. पण लवकर लिही बेटा. आता मला विचारायला दुसरी वाट राहिली नाही.

तुझा,
अब्बा